चावडीवर न लागलेली नोटीस



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोललं गेलं, शेतीवर बोललं गेलं, गाण्यावर बोललं गेलं. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर आपल्या ग्रंथालयाचे संगणक सांभाळतो. तेव्हा मी माझ्या वावरातलंच बोलणार. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम नवी होते, आणि आपण लावलेली डिस्कची मांडणी आपल्याला न विचारता, न सांगता मोडते. हे का होतं? कुणाच्या वाट्याला येतं? आणि आपण काय मागायला हवं? एवढंच आज मांडायचं आहे. सर आयुष्यभर गावोगावचे जुने कागद गोळा करत फिरले. त्या कागदांशी या विषयाचा किती जवळचा संबंध आहे, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

सुरुवात जमिनीपासून करतो. या सभागृहात शेती असलेले पुष्कळ जण बसले आहेत. सातबाऱ्यावर बदल व्हायचा असेल, म्हणजे खरेदी, वारस, वाटणी, तर काय होतं? फेरफाराची नोंद पडते. पण नोंद पडली म्हणजे झालं, असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचं कलम १५० सांगतं की नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. कुणाची हरकत आली तर ती लिहून घ्यायची, तिचा निकाल लावायचा, आणि मग नोंद प्रमाणित करायची. प्रत्यक्षात हे कसं चालतं याबद्दल तुमच्यापैकी प्रत्येकाकडे एकेक कहाणी असेल, तो वेगळा विषय. पण तत्त्व बघा. तुमच्या जमिनीच्या कागदाला हात लावायचा असेल तर आधी तुम्हाला कळलं पाहिजे. हे तत्त्व आपण एका एकरासाठी मान्य केलं आहे. डिस्कसाठी का नाही?

डिस्कही जमीनच आहे. तिच्यावर तुकडे पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. कोणता तुकडा कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे याचा उतारा डिस्कवरच एका जागी लिहिलेला असतो. जुन्या पद्धतीत हा उतारा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटांच्या आत बसवलेला होता. नोंदी चार, प्रत्येक नोंद १६ बाइटांची. म्हणजे तुमचे सगळे फोटो, हिशेब, पत्रं, प्रबंध, हे सगळं कुठे आहे ते सांगणारा कागद अवघा ६४ बाइटांचा. नव्या पद्धतीत नोंदी १२८ मावतात आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात, ही चांगली सुधारणा झाली. पण मूळ गोष्ट तीच राहिली. शेत जागेवर असतं, पीक उभं असतं, आणि उतारा चुकला की तुम्हाला बांधावरून आत जाता येत नाही.

आता आपल्याकडची रीत आठवा. घरात पहिला संगणक आला तेव्हा तो बसवून देणाऱ्या मुलाने काय सांगितलं होतं? "काका, सगळं डी मध्ये ठेवा. सी उडाला तरी डी राहील." ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, १९८३ साली पीसी एक्सटीबरोबर दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला सी आलं, आणि तिथून ही अक्षरं आपल्या बोलण्यात शिरली. विंडोज 'मारायची' ती सी वर. फॉरमॅट 'मारायचा' तो सी ला. डी ला हात लावायचा नाही. कुठल्याही पाठ्यपुस्तकात न छापलेला हा नियम महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याने पाळला, आणि लाखो घरांच्या लग्नाचे, बारशाचे फोटो त्यामुळे वाचले. मी या रीतीला फार मान देतो. ही सामान्य माणसाने आपल्या डिस्कवर आखलेली हद्द आहे. ही माझी बाजू, ती यंत्राची बाजू.

ही हद्द नवी आवृत्ती ओलांडते तेव्हा काय होतं, ते आपल्या ग्रंथालयातच घडलं. सरांनी जमवलेली पत्रं, जुने दिवाळी अंक, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक, यांची पानं आम्ही चार वर्षं कॅमेऱ्याने टिपत होतो. महाविद्यालयातल्या दोन मुली आणि कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, रोज दुपारी दोन ते पाच. अकरा हजारांवर पानं झाली होती. मी ती दोन डिस्कांवर आरसा-पद्धतीने ठेवली होती, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच. एक डिस्क मेली तर दुसरी जगेल. वरच्या फोल्डरला अंकाचं नाव, आत साल, आत पानाचा क्रमांक. ती नावं त्या मुलींनी एकेक करून टाईप केली होती.

एका रात्री संगणकाने नवी आवृत्ती स्वतःहून चढवून घेतली. त्या दोन डिस्कांना एकत्र बांधणारा जो छोटा प्रोग्राम होता तो काढला आणि आपला घातला. या नव्या प्रोग्रामला त्या जोडीची खूण कळेना. सकाळी ग्रंथालयातली सेविका आली, तिने संगणक सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? बाईंनी 'हो' दाबलं. थोड्या वेळाने दुसऱ्या डिस्कबद्दल तोच प्रश्न आला. पुन्हा 'हो'.

मी आजही सांगतो, आणि त्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून मुद्दाम मोठ्याने सांगतो, की त्यांची यात तिळमात्र चूक नव्हती. यंत्र म्हणतं 'करावी लागेल'. शहाण्या माणसाने काय करावं? चूक माझी एक होती. दोन डिस्कांवर मजकूर आहे म्हणून तिसरी, संगणकाबाहेर काढून ठेवलेली प्रत मी केली नव्हती. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, कारण मूळ पुसलं की आरशातलंही पुसलं जातं. हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

पण तो प्रश्न पुन्हा ऐका. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.' यंत्राला खरोखर काय माहीत होतं? एवढंच, की या डिस्कवर काय लिहिलं आहे ते मला वाचता येत नाही. त्यातून त्याने निष्कर्ष काय काढला? की ती कोरी आहे, नांगर घाला. मोडी न येणाऱ्या माणसाच्या हातात मोडीचा कागद आला, तर त्याने काय म्हणावं? 'मला वाचता येत नाही' म्हणावं. 'यावर काही लिहिलेलंच नाही, पाठकोरा म्हणून वापरतो' असं म्हणू नये. सरांनी किराणा दुकानांच्या पुड्यांतून मोडी कागद सोडवले होते, त्या पुड्या बांधणाऱ्यानेही हाच निष्कर्ष काढला होता. वाचता न येणं आणि रिकामं असणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझ्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, आणि आता जी उदाहरणं सांगतो त्यांत तुम्हाला तोच पुन्हा पुन्हा भेटेल.

सगळ्यात बोलकं उदाहरण २०१८ सालचं. विंडोज १० ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबरला सोडली. चार-पाच दिवसांत वाटप थांबवावं लागलं, कारण लोकांचे 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' हे फोल्डर आवृत्ती चढवल्यावर नाहीसे होत होते. कुणाचे? इथे लक्ष द्या. ज्यांनी हे फोल्डर सी वरून दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवले होते, त्यांचे. विंडोजमध्ये तशी अधिकृत सोय आहे. सी वर जागा कमी पडते, म्हणून 'डॉक्युमेंट्स'चा पत्ता डी वर द्यायचा. आपल्या कॉम्प्युटरवाल्याचा नियमच, फक्त अधिकृत रस्त्याने. पण पत्ता बदलला तरी सी वरचा जुना फोल्डर जागेवर राहतो, आणि आधीच्या आवृत्तीत तो रिकामा दिसतो अशी लोकांची तक्रार होती. तक्रार दूर करायला १८०९ मध्ये जुना फोल्डर काढून टाकणारी व्यवस्था घातली. आणि ज्यांनी पत्ता बदलताना जुन्या फाइली तिथेच राहू दिल्या होत्या, त्यांच्या फाइली फोल्डरसकट गेल्या. रिकामा असणार असं धरून चालले. आत डोकावून पाहिलं नाही.

एक साधी गोष्ट विचारतो. घर बदललेल्या माणसाचं जुनं घर पाडायच्या आधी कुलूप उघडून आत बघायला किती वेळ लागतो? फोल्डरमध्ये एक जरी फाइल असेल तर तो काढू नये, हे सांगायला किती ओळी लागतात? तंत्रनिकेतनातला दुसऱ्या वर्षाचा मुलगा लिहील.

याहून वेदना देणारी गोष्ट पुढची आहे. आवृत्ती बाहेर पडण्याच्या आधी चाचणी घेणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी हे कळवलं होतं. माझ्या फाइली गेल्या, असं लिहिलं होतं. पण तक्रारी नोंदवायच्या त्यांच्या जागी तक्रारीला इतरांचे दुजोरे मिळतात, जितके दुजोरे जास्त तितकी ती वर येते. या तक्रारींना दुजोरे थोडे मिळाले, त्या खालीच राहिल्या. नंतर कंपनीने सांगितलं की फाइली गेल्याच्या नोंदी एकूण बसवणुकींच्या एक शतांश टक्का आहेत, आणि तक्रारीच्या नमुन्यात नुकसान किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय केली. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडली. सोय केली हे चांगलंच झालं. पण एक शतांश टक्का म्हणजे किती, याचा विचार मी पुष्कळ दिवस करत होतो. दहा हजारांत एक. गावातल्या दहा हजार घरांपैकी एका घराचा कागद गेला, तर ती आकडेवारी त्या घरापुढे कोणत्या तोंडाने वाचायची? आणि ते घर नेमकं कोणतं?

इथे माझा दुसरा मुद्दा येतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुकसान कुणाचं होतं? ज्याने आपल्या डिस्कवर काहीच केलं नाही, यंत्र आलं तसं वापरलं, त्याचं सहसा काही बिघडत नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेत चाचणीला ठेवलेली यंत्रं बहुतेक त्याच्यासारखीच असतात. नुकसान होतं ते काळजी घेणाऱ्याचं. ज्याने फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेले, ज्याने दोन डिस्कांचा आरसा केला, ज्याने एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी शेजारी वसवल्या, त्याचं. ज्याने विचार केला, त्याचं. नवी आवृत्ती नेमकी अशाच माणसाच्या बांधावरून जाते.

पुढच्या गोष्टी याच मुद्द्याशी लावून ऐका.

जून २०२०. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीनंतर काही लोकांच्या डिस्का 'रॉ' दिसू लागल्या. 'रॉ' म्हणजे कच्ची, यंत्राला न ओळखता आलेली. कोणाच्या डिस्का? ज्यांनी 'स्टोरेज स्पेसेस' ही सोय वापरून तीन किंवा अधिक डिस्कांवर मजकूर अशा रीतीने वाटून ठेवला होता की एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तो पुन्हा उभा करता यावा. नुकसान होऊ नये म्हणून ज्यांनी जास्तीच्या डिस्का विकत घेतल्या होत्या, त्यांच्या! मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की डिस्क तपासायचा नेहमीचा प्रोग्राम, चेकडिस्क, चालवू नका, आणि ती डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवा. सल्ला बरोबर होता. पण डिस्क बिघडली की आधी चेकडिस्क चालवा, हेच आपण सगळे तीस वर्षं शिकलो आहोत. ज्याच्यापर्यंत हा सल्ला पोचला नाही त्याने दुसरं काय केलं असतं?

ऑगस्ट २०२४. विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्तीनंतर कित्येक विद्यार्थ्यांच्या आणि अभियंत्यांच्या यंत्रांवरचं लिनक्स सुरूच होईना. ही दुरुस्ती यंत्र सुरू करून देणारी जुनी, धोक्याची झालेली साधनं अडवण्यासाठी होती, आणि हेतू योग्य होता. जिथे दोन सिस्टीम शेजारी आहेत तिथे ती लागू होणार नाही, असं आधी जाहीरही केलं होतं. मग कुठे चुकलं? दोन सिस्टीम शेजारी असल्याची खूण काही यंत्रांवर ओळखता आली नाही. ओळखता आली नाही, म्हणून शेजारी कुणी राहतच नाही असं धरलं. पुन्हा तेच! पूर्ण दुरुस्ती मे २०२५ मध्ये मिळाली. त्या मुलांमध्ये आमच्या तंत्रनिकेतनातलेही होते. एकाचा प्रकल्प सादर करायला चार दिवस उरले होते.

हे एका कंपनीचं दुखणं आहे असं कृपा करून समजू नका. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २ च्या बसवणुकीने काही मॅक संगणकांवरच्या अख्ख्या डिस्का पुसल्या. ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती, गाणी ऐकायचा प्रोग्राम होता, पण कारण ऐकण्यासारखं आहे. जुनी प्रत काढण्याची आज्ञा लिहिणाऱ्याने डिस्कचं नाव अवतरणचिन्हांत घातलं नव्हतं. एखाद्याने डिस्कच्या नावाच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडली असेल, तर आज्ञा तिथेच तुटायची, आणि एका प्रोग्रामच्या ऐवजी सगळ्या डिस्काच पुसायच्या. यादीत आपली डिस्क सगळ्यांच्या वर दिसावी म्हणून काही लोक नावाआधी अशी जागा सोडत असत. पुन्हा ज्याने थोडी रचना केली, तोच सापडला. लोकांना कळताच त्या आवृत्तीच्या जागी लगेच दुरुस्त आवृत्ती ठेवली गेली.

आणि ज्यांना आपण मुक्त, सगळ्यांनी मिळून केलेलं म्हणतो, त्या लिनक्सचं काय? मार्च २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या ५.१२ या आवृत्तीच्या पहिल्या चाचणी-प्रतीत एक दोष सापडला. मेमरी अपुरी पडली की वापरायची तात्पुरती जागा वेगळ्या पार्टिशनऐवजी फाइलमध्ये ठेवणाऱ्यांच्या यंत्रावर, लिहायचं एका ठिकाणी आणि लिहिलं जायचं दुसऱ्याच ठिकाणी, तेही पार्टिशनच्या आतल्या मजकुरावर. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी काय केलं ऐका. त्या प्रतीच्या नावालाच 'वापरू नका' असं जोडलं. नुसतं पत्रक काढलं नाही, नावच बदललं, म्हणजे ज्याच्या हातात ती प्रत जाईल त्याला नावातूनच कळावं. चावडीवरची नोटीस म्हणतात ती हीच.

तिथली एक जुनी गोष्टही सांगतो. २००६-०७ च्या सुमाराला लिनक्समध्ये डिस्कांची नावं बदलली. एचडीए होती ती एसडीए झाली. नाव डिस्कच्या जोडणीच्या जागेवरून पडत असे, आणि जागा मोजायची पद्धतच बदलली. 'वडापासून तिसरं शेत' असा पत्ता लिहून ठेवलेल्यांची यंत्रं सुरूच होईनात, कारण कुणीतरी वडच हलवला होता. मग उपाय काय केला? प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा स्वतःचा ओळख-क्रमांक, आणि पत्ता त्या क्रमांकाने लिहायचा. उबुंटू आणि फेडोरा ही लिनक्सचीच रूपं. उबुंटू ६.१० ने तो रस्ता धरला. फेडोरा ७ ने आवृत्तीबरोबरच्या टिपणात लोकांना सांगितलं की आधी आपल्या पार्टिशनांना लेबलं लावा, मग चढवा. मोजणीवाल्यांनी गट नंबर दिले, आणि वड हलला तरी शेत सापडू लागलं.

म्हणजे हे करता येतं. चांगल्या रीतीने करता येतं, हे आवर्जून सांगायला हवं, नाहीतर माझं भाषण नुसतं रडगाणं होईल. मार्च २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.३ मधून कोट्यवधी फोनांची अख्खी फाइल-व्यवस्था बदलली, १९९८ सालची काढून नवी घातली. लोकांना काहीही जाणवलं नाही. कसं जमलं? आधीच्या दोन आवृत्त्यांच्या वेळी फोनने ही बदलाबदल करून पाहिली होती, मोकळ्या जागेत, मूळ मजकुराला हात न लावता. नीट झाली का ते तपासलं, आणि सगळं पूर्ववत ठेवलं. नाटकाची रंगीत तालीम म्हणा. ही तालीम तुमच्याआमच्या खिशात, आपल्याला न सांगता झाली, हे मला आवडत नाही. सांगून करायला हवी होती. तरी कारागिरी म्हणून मी तिला दाद देतो. त्याच वर्षी मॅकसाठी हाय सिएरा ही आवृत्ती आली, तेव्हा मिश्र प्रकारच्या डिस्कांना नवी व्यवस्था त्यांनी दिली नाही, एक वर्ष थांबले. न ओळखता येणाऱ्या बांधावर थांबायचं असतं ते असं.

डेबियन या लिनक्सच्या आणखी एका रूपाचंही तसंच. ९ डिसेंबर २०२३ ला त्यांची १२.३ आवृत्ती बाहेर पडत होती. गाभ्यात मजकूर बिघडवणारा दोष आहे असं कळलं, त्यांनी सगळं जागीच थांबवलं, लोकांना सांगितलं की आज काही चढवू नका, आणि दुसऱ्या दिवशी १२.४ दिली. एका दिवसात. तिथे पगारी नोकर नाहीत, स्वयंसेवक आहेत. नोटीस लावायला पैसा लागत नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

याच्या उलट एक प्रसंग. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ला एक सुरक्षा-दुरुस्ती आली, ती बऱ्याच यंत्रांवर बसेना. पडद्यावर एक लांबलचक क्रमांक यायचा, त्याचा अर्थ 'बसवता आलं नाही' एवढाच. खरं कारण असं होतं की डिस्कच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःसाठी ठेवलेल्या दुरुस्तीच्या पार्टिशनमध्ये २५० मेगाबाइट मोकळी जागा नव्हती. ते पार्टिशन लोकांनी केलेलं नव्हतं, त्याचा आकार लोकांनी ठरवलेला नव्हता. तरी उपाय म्हणून लोकांना सांगितलं गेलं की काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करा, मुख्य पार्टिशन आखडा, दुरुस्तीचं पार्टिशन काढून टाका, आणि नव्याने करा. ते काम करताना एक अंक चुकला तर काय होतं हे मला माहीत आहे, म्हणून विचारतो. हे काम एखाद्या शिक्षिकेने करायचं? दुकानदाराने? पतसंस्थेच्या कारकुनाने?

आता मी मागणीकडे येतो. तुम्ही म्हणाल, सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्यातच ना? हव्यात. मी स्वतः रोज सांगतो की चढवा. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि आपल्या तालुक्यातल्या शाळांत, दवाखान्यांत, सोसायट्यांत विंडोज १० वरची यंत्रं अजून चालू आहेत. ती आज ना उद्या नव्या आवृत्तीवर न्यावीच लागतील. म्हणूनच ही मागणी आत्ता करायची. नवी आवृत्ती चढण्याआधी माझ्यासमोर माझ्या डिस्कचा नकाशा ठेवा. हे तुकडे मला ओळखता येतात. हा तुकडा मला ओळखता येत नाही. इथे मी बदल करणार आहे, असा करणार आहे, मागे फिरायची वाट अशी आहे. हरकत असेल तर इथे दाबा. आणि जे ओळखता आलं नाही त्याला हात लावू नका. 'फॉरमॅट करावी लागेल' हे वाक्य काढून टाका. त्या जागी 'यावर काय आहे ते मला वाचता येत नाही, जाणकाराला दाखवा' असं लिहा, आणि ते मराठीतही लिहा. एवढंच मागतो आहे मी. फेरफाराची नोटीस.

ती मिळेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते सांगतो, थोडक्यात. संगणकाबाहेर काढून, कपाटात ठेवलेली एक प्रत. जोडलेली नव्हे, काढलेली. नवी आवृत्ती येते तेव्हा ती डिस्क यंत्राला लावलेली नको. पार्टिशनांची यादी दाखवणारा पडदा उघडून मोबाइलने त्याचा फोटो काढा. डिस्क कुलूपबंद असेल, आणि आजकाल नव्या यंत्रांवर ती मालकाला न कळतही कुलूपबंद झालेली असते, तर तिची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा. जुलै २०२४ च्या एका दुरुस्तीनंतर कित्येक यंत्रांनी सकाळी उठून ही किल्ली मागितली होती, आणि ती कुठे आहे हे पुष्कळांना माहीत नव्हतं. आणि ओळखीची डिस्क 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं गेलं, तर 'नाही' दाबा, यंत्र बंद करा, आणि कुणाला तरी फोन करा. मला केलात तरी चालेल.

आपल्या ग्रंथालयातल्या पानांचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. फॉरमॅट वरवरचा होता, म्हणून आतली चित्रं सापडली. शोधून काढणाऱ्या प्रोग्रामने बहुतेक सगळी पानं परत दिली. पण नावं नाहीत, साल नाही, क्रम नाही. अकरा हजार पानं, प्रत्येकाचं नाव म्हणजे एक आकडा. गेले अठरा महिने त्या दोन मुली, एकीचं आता लग्न झालं आहे, तरी रविवारी येते, आणि ते निवृत्त गृहस्थ ही पानं कागदाचा रंग, टाईपाचा घाट, जाहिरातीतल्या दुकानाचं नाव बघून पुन्हा लावताहेत. चहाच्या एकाच जाहिरातीवरून परवा एका अंकाची चौदा पानं एका जागी आली. सरांच्या हस्ताक्षरातली पत्रं सगळी जुळली, कारण तारीख लिहायची त्यांची सवय पक्की होती. सुमारे दोन हजार पानं अजून कुठली ते कळलेलं नाही. ती बाहेरच्या दालनात टेबलावर छापून ठेवली आहेत. इथल्या जुन्या मंडळींपैकी कुणाला एखादं पान ओळखू आलं, तर त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, पेन्सिली तिथेच आहेत. घाई नाही, ग्रंथालय आज दहापर्यंत उघडं आहे.